पाश्चात्य संगीत आणि बंगालचे गाणे

(देवस्थानच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाच्या सभामंडपात उभे राहून बंगालच्या संगीताविषयी, आणि त्यातही त्याच्यावर झालेल्या पाश्चात्य संगीताच्या परिणामाविषयी बोलावयाचे, हे आपणांपैकी काहींना आडवळणाचे वाटेल. परंतु ह्याच मंडपात भजनाच्या वेळी जी पेटी वाजते तिच्याकडे क्षणभर पाहावे. आपल्या कोणत्याही प्राचीन संगीतग्रंथात तिचे नाव नाही. पॅरिसच्या आलेक्झांद्र देबँ ह्या कारागिराने १८४२ साली तिचे एकस्व घेतले. खुर्चीवर बसून, पायांनी भाता हलवून वाजवावयाचे असे ते वाद्य होते. मांडी घालून बसणाऱ्या आपल्या गायकांना सोयीचे व्हावे म्हणून एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या, असे जे रूप तिला मिळाले, त्याचे श्रेय कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या 'द्वारकिन' ह्या पेढीला देण्यात येते. पॅरिसच्या वाद्याला कलकत्त्याने हिंदुस्थानी बैठक दिली, आणि आज ते आपल्या देवापुढे इतके निःशंकपणे बसले आहे की ते परके आहे ह्याची कोणाला आठवणही होत नाही.

बाहेरून आलेले काय घ्यावे, काय दाराबाहेर ठेवावे आणि घेतलेले आपले केव्हा होते, हा प्रश्न प्रत्येक देवस्थानापुढे असतो. संगीताच्या क्षेत्रात ह्या प्रश्नाशी बंगालने जेवढी दीर्घ आणि डोळस झुंज दिली, तेवढी हिंदुस्थानात दुसऱ्या कोणत्या प्रांताने क्वचितच दिली असेल. म्हणून आज तो इतिहास आपणांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

आपल्या गोमंतकात पाश्चात्य संगीत आले ते चर्चच्या अंगाने. चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचावयास शिकवीत. त्यातून मांडो जन्मास आला आणि व्हायोलिनवादकांच्या पिढ्या तयार झाल्या. पण ते राज्यकर्त्यांच्या धर्माबरोबर आलेले असल्यामुळे हिंदू समाज त्याच्यापासून बव्हंशी दूर राहिला. आपल्या देवळांतील चौघडा, सनई, घुमट व शामेळ आपल्या वाटेने चालत राहिले. बंगालात हे असे घडले नाही. तेथे हे संगीत मुख्यतः नाटकघरातून आणि धनिकांच्या दिवाणखान्यातून शिरले. ते स्वीकारण्यासाठी कोणाला आपला धर्म सोडावा लागला नाही. म्हणूनच ते घ्यावे की नाही हा वाद तेथे संगीताचा वाद म्हणून झाला.

आरंभ एका रशियन गृहस्थापासून होतो. गेरासिम लेबेदेव हा व्हायोलिनवादक १७८७ साली कलकत्त्यास आला. तेथे तो बंगाली शिकला, आणि २७ नोव्हेंबर १७९५ रोजी त्याने बंगाली भाषांतरित नाटकाचा प्रयोग केला. त्यात भारतचंद्रांच्या काव्याला चाली लावल्या होत्या आणि देशी व युरोपीय वाद्ये एकत्र वाजली होती. प्रयत्न अल्पजीवी ठरला, पण रंगभूमी हेच दोन संगीतांच्या भेटीचे ठिकाण राहणार, ही खूण त्यात पटते.

दुसरी भेट पॅरिसमधली. रवीन्द्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ ठाकूर यांना इटालियन गायनाची गोडी होती. १८४५ च्या सुमारास तरुण माक्स म्युलर त्यांच्याकडे जात असे. तो पियानो वाजवी आणि द्वारकानाथ इटालियन गीते गात. एकदा त्याने अस्सल हिंदी गाणे ऐकविण्याचा आग्रह धरला. ऐकल्यावर त्याला त्यात ना सूर सापडला, ना लय. त्यावर द्वारकानाथांनी त्याला चांगलेच सुनावले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की मलाही प्रथम इटालियन गाणे रुचले नव्हते. परंतु मी ऐकत राहिलो आणि गोडी लागली. तुम्ही मात्र पहिल्याच वेळी न कळलेली वस्तू टाकून देता. ही हकीगत म्युलरने स्वतःच लिहून ठेवली आहे. परक्या कलेपाशी धीर धरून बसावे लागते, हा पहिला धडा बंगालने असा गिरविला.

पुढच्या पिढीत कामाला पद्धत आली. १८५८ साली बेलगाछियाच्या खाजगी रंगमंचावर 'रत्नावली' नाटक झाले. त्यासाठी विष्णुपूर घराण्याचे क्षेत्रमोहन गोस्वामी यांनी देशी वाद्यांचा मेळ बसविला. कल्पना युरोपीय वाद्यवृंदाची, पण वाद्ये आणि राग आपले. अनेकांनी एकाच वेळी एकच रचना वाजवावयाची तर ती कागदावर हवी. तेव्हा क्षेत्रमोहनांनी स्वरलिपीही सिद्ध केली. त्यांचे शिष्य राजा सौरीन्द्रमोहन ठाकूर यांनी १८७१ मध्ये कलकत्त्यात संगीतशाळा काढली, युरोप-अमेरिकेतील संस्थांना आपली वाद्ये व ग्रंथ पाठविले, आणि १८९६ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाची संगीतातील डॉक्टर ही पदवी मिळविली.

ह्याच सुमारास एक गाजलेला वाद झाला. शिक्षणखात्यातील अधिकारी आणि नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स बॅरन क्लार्क यांनी १८७४ साली प्रतिपादन केले की बंगाली संगीत युरोपच्या पाच रेषांच्या लिपीतच लिहावे. सौरीन्द्रमोहनांनी त्याचे खंडन केले. कृष्णधन बंद्योपाध्याय यांनी मात्र आपल्या 'गीतसूत्रसार' ह्या १८८५ सालच्या ग्रंथात युरोपीय लिपीचाच पुरस्कार केला. अखेर रूढ झाली ती अक्षरांवर आधारलेली 'आकारमात्रिक' पद्धत. तिला पक्के रूप देण्यात रवीन्द्रनाथांचे बंधू ज्योतिरिन्द्रनाथ यांचा वाटा मोठा. म्हणजे लिपी देशी राहिली, पण गाणे लिहून ठेवावे ही निकड मात्र पश्चिमेच्या संसर्गाने आली. अशीच निकड बडोद्यास मौलाबक्षांना जाणवली, तेथील संगीतशाळा १८८६ साली निघाली. पुढे पंडित विष्णु नारायण भातखंडे १९०७ च्या दौऱ्यात कलकत्त्यास गेले तेव्हा सौरीन्द्रमोहनांना भेटले. आज आपली मुले ज्या स्वरलिपीवरून चिजा शिकतात, तिच्यामागे एवढा खल आहे.

आता जोडासाँको येथील ठाकूरवाड्यात जाऊ. १८७८ साली सतरा वर्षांचे रवीन्द्रनाथ विलायतेस निघाले. जाण्यापूर्वी ते अहमदाबादेस न्यायाधीश असलेले वडील बंधू सत्येन्द्रनाथ यांच्याकडे राहिले. स्वतःच्या चालींची पहिली गाणी त्यांनी तेथेच रचली. त्यानंतर इंग्रजी रीतिरिवाज अंगवळणी पडावेत म्हणून ते मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी राहिले. इंग्लंडात त्यांनी आयरिश गीते ऐकली व शिकली. एका नामांकित गायिकेने गळ्यातून पक्ष्यांचा आवाज काढलेला ऐकून प्रथम त्यांना हसू आले होते. परंतु हळूहळू त्यांना जाणवले की युरोपचे संगीत मनुष्याच्या रोजच्या जीवनाशी, त्यातील राग-लोभ, युद्ध, विनोद ह्यांच्याशी नाना परींनी गुंतलेले आहे, आणि आपले रागसंगीत त्या गुंत्याच्या पलीकडे नेणारे आहे.

परत आल्यावर त्यांनी ह्या जाणिवेचा उपयोग केला. ज्योतिरिन्द्रनाथ पियानोवर बसत, रूढ रागांना मोडून-वाकवून नवनवे सूर काढीत, आणि रवीन्द्रनाथ व अक्षय चौधुरी त्यांना शब्द देत. त्यातून १८८१ मध्ये 'वाल्मीकिप्रतिभा' ही गीतनाटिका उभी राहिली. स्वतः रवीन्द्रनाथ वाल्मीकी झाले, पुतणी प्रतिभा सरस्वती झाली. विषय आपला, आदिकवीचा. परंतु मद्यधुंद दरोडेखोरांच्या गोंधळासाठी दोन इंग्रजी सूर घेतले, आणि वनदेवीच्या विलापासाठी एक आयरिश सूर. ध्रुपदाच्या गंभीर घडणीत दरोडेखोरांचा धिंगाणा बसत नव्हता. तेथे परका सूर कामास आला. पाहुण्याला घरात घेतले ते शोभेसाठी नव्हे, त्याच्या हाती काम देऊन. पुढल्याच वर्षीच्या 'कालमृगया'त एका स्कॉटिश सुरावरचे 'फुले फुले ढले ढले' हे गीत आले. सत्यजित राय यांच्या 'चारुलता' ह्या १९६४ सालच्या चित्रपटात झोपाळ्यावर बसलेली नायिका तेच गाते; ऐकताना ते परदेशी आहे अशी शंकाही येत नाही.

रवीन्द्रनाथांनी दोन हजारांहून अधिक गाणी रचली. त्यांपैकी थेट युरोपीय सुरांवर बेतलेली अगदी थोडी, आणि तीही प्रायः तरुणपणातली. त्यांच्या गाण्याचा पाया विष्णुपूरचे ध्रुपद, कीर्तन आणि बाउल हाच राहिला. द्विजेन्द्रलाल राय १८८४ मध्ये शेतीशास्त्र शिकावयास इंग्लंडला गेले आणि तेथे पाश्चात्य गायनही शिकून आले. प्रथम त्यांनी इंग्रजी, स्कॉटिश, आयरिश गीतांची भाषांतरे मूळ चालींवर म्हणून पाहिली. ती लोकांना रुचली नाहीत. तेव्हा त्यांनी केवळ त्या संगीताची चाल, म्हणजे स्वरांची मोठी झेप, अनेकांनी मिळून उंच स्वरात म्हणण्याचा जोम, एवढेच उचलले आणि आपल्या देशभक्तिपर गीतांत मुरविले. ती गीते बंगालात घरोघर गेली. अतुलप्रसाद सेन यांनी व्हेनिसच्या नावाड्यांच्या सुरावर भारतलक्ष्मीचे गीत बांधले. पण त्यांची एरवीची गाणी ठुमरीच्या अंगाने वाहतात. तिघांचीही मुळे आपल्या मातीत खोल गेलेली होती, म्हणूनच बाहेरचा वारा त्यांना उन्मळून टाकू शकला नाही.

येथवर जे सांगितले ते उघड दिसणारे ऋण झाले. माझ्या मते खरा परिणाम त्याहून खोल आणि कमी दिसणारा आहे. तो असा, की गीत ही एका कर्त्याची पूर्ण, बांधीव रचना असून ती त्याने बांधली तशीच गायिली पाहिजे, हा विचार बंगालात रुजला. आपल्या खयालात बंदिश हे बीज असते. गायक त्याचा वृक्ष करतो, आणि आज केलेला वृक्ष उद्या तसाच होत नाही. ध्रुपदात रचनेला अधिक मान आहे हे खरे, आणि म्हणूनच ध्रुपदावर पोसलेल्या बंगालात हा विचार लवकर रुजला. परंतु कर्त्याचे नाव, त्याचा हक्क आणि छापील स्वरलिपीचे प्रामाण्य ही सर्व पश्चिमेची देणगी आहे.

रवीन्द्रनाथ स्वतः ह्या प्रश्नावर दोन बाजूंनी ओढले गेले. १९३० मध्ये आइन्स्टाइन यांच्याशी झालेल्या संवादात त्यांनी हिंदुस्थानी गायकाला असलेल्या स्वातंत्र्याचे गौरवाने वर्णन केले. पण आपल्या गाण्यांत कोणी ताना घालून फेरफार करावा हे त्यांना खपत नसे. द्विजेन्द्रलालांचे चिरंजीव दिलीपकुमार राय, जे केंब्रिज व बर्लिन येथे पाश्चात्य संगीत शिकले आणि उत्तरायुष्यात पुण्याच्या हरिकृष्ण मंदिरात राहिले, ते ह्या बाबतीत त्यांच्याशी वर्षानुवर्षे वाद घालीत. गायकाला मोकळीक हवी, हा त्यांचा पक्ष. पाहा, कसे उलटे चित्र आहे! युरोपात शिकून आलेला मनुष्य हिंदुस्थानी स्वातंत्र्याची बाजू मांडतो, आणि शांतिनिकेतनचे ऋषितुल्य कवी युरोपीय शिस्तीची.

ह्या शिस्तीने फार मोठे काम केले, हे नाकारता येणार नाही. रवीन्द्रनाथ आपल्याच चाली विसरत. बंधूंचे नातू दिनेन्द्रनाथ यांनी त्या कंठात धरल्या व लिहून काढल्या. विजापुरास जन्मलेल्या आणि पियानो व व्हायोलिन रीतसर शिकलेल्या पुतणी इंदिरादेवी चौधुराणी यांनी अनेक गाण्यांच्या स्वरलिप्या सिद्ध केल्या. त्या साऱ्यांतून 'स्वरवितान' ह्या ग्रंथमालेचे साठांहून अधिक खंड झाले. एका मनुष्याची एवढी संगीतसंपदा नष्ट न होता राहिली, ती लेखणीमुळे.

परंतु राखण करणारा हात आवळूही शकतो. रवीन्द्रनाथांच्या पश्चात त्यांच्या गीतांच्या ध्वनिमुद्रणाला विश्वभारतीच्या संगीत मंडळाची संमती लागे. देवव्रत विश्वास हे अतिशय लोकप्रिय गायक. भरदार, हृदयाला भिडणारा आवाज. १९६० च्या दशकात त्यांच्या काही ध्वनिमुद्रणांना मंडळाने संमती नाकारली. वाद्यांचा, विशेषतः पाश्चात्य वाद्यांचा अतिरेक होतो आणि गाण्याच्या ढंगात मोकळीक घेतली जाते, असे आक्षेप होते. पुढे त्यांनी रवीन्द्रगीतांचे ध्वनिमुद्रण करणेच सोडले आणि आपली व्यथा पुस्तकरूपाने लिहिली. १९८० साली ते निवर्तले. २००१ च्या अखेरीस स्वामित्वहक्क संपला आणि बंधन उरले नाही. आज त्यांची जुनी ध्वनिमुद्रणे रसिक आदराने ऐकतात.

ह्या प्रसंगातील विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. आक्षेप होता पाश्चात्य वाद्यांवर. परंतु ज्या आधारावर तो घेतला, ती अपरिवर्तनीय स्वरलिपी आणि कर्त्याचा हक्क, ह्या दोन्ही कल्पना तरी कोठल्या होत्या? म्हणजे परके कोणते आणि आपले कोणते, हे वाद्याच्या जातीवरून ठरत नाही. स्वतः रवीन्द्रनाथांना हार्मोनियम आवडत नसे, कारण तिच्या पट्ट्या स्थिर. दोन स्वरांमधली मींड आणि श्रुतींची सूक्ष्मता तिला साधत नाही. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी केली तेव्हा त्यांनी ती वाद्ये बाहेर ठेवण्याचाच कौल दिला होता. आणि व्हायोलिन? तेही युरोपचेच. पण त्यात मींड निघते, म्हणून आपल्या संगीताने त्याला कधी अडविले नाही. त्यांचा नकार वाद्याच्या परकेपणाला नव्हता. आपल्या गाण्याचा प्राण ज्यात जातो त्याला होता.

उत्तरकाळाचा थोडक्यात उल्लेख करून पुढे जातो. पाश्चात्य संगीताचे जे खरे वैशिष्ट्य, अनेक स्वर एकाच वेळी उभे करून साधलेला स्वरसंवाद, ज्याला हार्मनी म्हणतात, ते बंगालच्या गाण्यात मुरविण्याचे मोठे काम सलील चौधुरी यांनी केले. वडील आसामच्या चहामळ्यांत डॉक्टर. त्यांच्या संग्रही युरोपीय संगीताच्या तबकड्या होत्या, त्या ऐकत मुलगा वाढला. १९४९ साली त्यांचे 'गाँयेर बधू' हे गीत हेमंतकुमारांच्या आवाजात निघाले. दुष्काळात उद्ध्वस्त झालेल्या एका गृहिणीची ही कथा तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापते, आणि प्रसंगागणिक तिची लय व वाद्यमेळ बदलतो. 'छाया' ह्या १९६१ सालच्या चित्रपटात त्यांनी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीतील सूर उघडपणे घेतला. मात्र त्यांची कीर्ती टिकली ती 'मधुमती'सारख्या चित्रपटांतील स्वतंत्र चालींवर. ह्या चाली मंगेशीच्या दीनानाथांची कन्या लता मंगेशकर यांच्या कंठातून उमटल्या. आणि मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत कागदावरील स्वरलिपी पाहून व्हायोलिन, चेलो, ट्रंपेट वाजविणाऱ्यांत गोमंतकीय ख्रिस्ती वादकांचा भरणा होता. चर्चच्या शाळेतून निघालेली एक वाट आणि जोडासाँकोच्या पियानोपासून निघालेली दुसरी, अशा दोन वाटा तेथे येऊन मिळाल्या. एकाच गावची दोन घरे शंभर कोसांवर भेटावीत, तसे हे झाले.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. फोंडे महालातील केरीच्या केसरबाई केरकर यांनी रागाच्या शुद्धतेत तिळमात्र तडजोड केली नाही. त्यांना 'सूरश्री' ही पदवी दिली ती कलकत्त्याच्या संगीतरसिकांनी. ज्या नगरीने पियानो, स्वरलिपी, वाद्यवृंद, हार्मनी हे सर्व घेतले, तिचाच कान निखळ खयालापुढे लवला. बाहेरचे पुष्कळ घेऊनही तिचा कान बिघडला नव्हता, ह्याहून मोठा पुरावा कोणता हवा?

महाजनहो, आता ह्या सर्वांतून आपण काय घ्यावे? आपल्या देवळांतून म्हटली जाणारी जुनी पदे, आरत्यांच्या जुन्या चाली, सुंवारीत घुमट, शामेळ आणि कांसाळे ह्यांचे बोल, सनईवाल्यांच्या घराण्यात चालत आलेले वेळोवेळचे सूर, हे आजवर बापाकडून मुलाकडे आले. आता मुले शिक्षणानिमित्त दूर जातात. एखादा जाणता वृद्ध जातो आणि त्याच्याबरोबर एक चाल जाते. बंगालमध्ये दिनेन्द्रनाथ व इंदिरादेवी ह्यांनी लेखणी उचलली नसती तर रवीन्द्रनाथांची निम्मी गाणी आज केवळ कविता म्हणून उरली असती. तेव्हा आपण हे सर्व लिहून घ्यावे, ध्वनिमुद्रित करून ठेवावे. हे साधन पश्चिमेचे आहे म्हणून संकोच करण्याचे कारण नाही. पेटीचा संकोच आपण केव्हाच सोडला आहे.

मात्र लिहून झाले म्हणजे ती वही दप्तरात कुलूपबंद करून तिला न्यायाधीश नेमू नये. भजनाला बसलेल्या भाविकाने एखादी जागा आपल्या अंतःकरणाप्रमाणे वेगळी घेतली, तर त्याला वहीतले पान दाखवून गप्प करू नये. वही स्मरणासाठी आहे. गाणे माणसाच्या कंठातच राहते. संपत्ती लिहून ठेवल्याने राहते हे बंगालने आपल्या मोठ्या लाभाने दाखविले, आणि राखण कडक झाली की एक चांगला गळा मुका होतो हे त्याच बंगालने आपल्या दुःखाने दाखविले. दोन्ही गोष्टी ध्यानी ठेवून ह्या देवस्थानाने आपल्या संगीताची जपणूक करावी, एवढी प्रार्थना देवाच्या चरणी आणि आपणां सर्वांच्या पुढे करतो.